डाग, चिंच आणि काडतूस

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं ते तिसरी भाषा म्हणून, आणि निबंध लिहिला तो दरवर्षी एकच, 'माझा आवडता सण'. त्यामुळे संपादक मंडळाने 'मराठी विभागासाठी काहीतरी दे' म्हटल्यावर आमचा अख्खा ग्रुप कॅन्टीनमध्ये पोट धरून हसला. या विभागात दरवर्षी पाऊस येतो, आई येते, मैत्री येते आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीचा चहा येतो. ते सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे लोक कॉलेजात आहेत. मला जरा बरं कळतं ते मटेरियल सायन्स. तेव्हा यंदा मी लिहिणार आहे तांब्या-पितळेवर पडणाऱ्या काळ्या डागाबद्दल. पान उलटू नका, पुढे काडतुसं आहेत!

सेकंड इयरच्या मेटलर्जीत एक ओळ आपण सगळ्यांनी घोकली आहे. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त म्हणजे 'कार्ट्रिज ब्रास'. दोन मार्कांचा प्रश्न. लिहायचं आणि पुढे जायचं. पण ही कार्ट्रिज म्हणजे काडतूस, हे कोणाच्या डोक्यात येतं? आणि काडतूस काही दूर परदेशात बनत नाही. पिंपरीहून शिवाजीनगरची बस पकडा, दापोडीला नदी ओलांडा, की आलीच खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे. २०२१ मध्ये देशातल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. म्हणजे जो मिश्रधातू आपण पुस्तकात वाचतो, त्याचं नाव ज्या वस्तूवरून पडलं, ती वस्तू आपल्या नदीपलीकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ बनते आहे.

रायफलच्या काडतुसाचे ढोबळमानाने चार भाग. पुढे गोळी, मागे पितळेची पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपी. गोळीच्या आत बहुतेक वेळा शिसं असतं. शिसं मऊ, वेगाने नळीतून गेलं तर नळीलाच माखून बसेल, म्हणून वरून तांब्याचं पातळ आवरण. त्याला जॅकेट म्हणतात. हे आवरण साधारण ९० ते ९५ टक्के तांबं आणि बाकी जस्त अशा धातूचं. गोळी आणि पुंगळी शेजारी शेजारी बसतात, दिसायलाही बहिणी बहिणी, पण एकीत जस्त कमी आणि दुसरीत भरपूर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अमेरिकेसारख्या देशांत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा काडतूस भरतात. त्यांच्याकडे जुन्या गोळ्या डब्यात पडून काळ्या पडतात, आणि मग प्रश्न येतो, त्या घासायच्या का? कशाने? आपल्याकडे हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो. बालेवाडीच्या रेंजवर किंवा २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य मिळवलं त्या पन्नास मीटरच्या स्पर्धेत जी पॉइंट टू टूची काडतुसं वापरतात, त्यांची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, त्यामुळे ती एकदा उडाली की संपली. पण प्रश्न मात्र आपलाही आहे. देवघरातलं ताम्हन असो, भोसरीतला पितळी पार्ट असो, नाहीतर बंदुकीची गोळी असो. काळं पडलं, आता काय?

मला वाटतं, हातात काही घ्यायच्या आधी एक विचारावं. हा डाग आहे कशाचा?

तांबं हवेत ठेवलं की त्याचं ऑक्साइड होतं. आधी लालसर, मग तपकिरी, मग काळं. हवेत गंधकाचा अंश असेल तर सल्फाइड होतं, तेही काळं. हा थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असू शकतो, डोळ्यांना मात्र खूप मोठा दिसतो. घामाच्या बोटांनी उचललं तर बोटांचे ठसेच काळे उमटतात, कारण घामात मीठ असतं. आपल्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. नुसत्या अशा काळपटपणाने गोळीचं काही बिघडत नाही. तिचं वजन तेवढंच, माप तेवढंच. हिरवा, खपलीसारखा थर आला आणि खाली खड्डे पडले, तर ती गोष्ट वेगळी. मग धातूच गेलेला असतो आणि घासून तो परत येत नाही.

हिरव्याचंही एकच उत्तर नाही. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ चा. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. १९८६ पर्यंत त्याची मोठी दुरुस्ती झाली, पण अंगावरचा हिरवा थर त्यांनी काढला नाही, कारण तोच थर खालच्या पत्र्याला सांभाळतो. आणि तोच हिरवा रंग पितळेच्या पातेल्यात आंबट ताकावर चढला तर? आमची आजी त्याला 'कळकलं' म्हणते. कळकलेलं ताक फेकून द्यायचं, पोटात जाऊ द्यायचं नाही. मला हा शब्द फार आवडला. इंग्रजीत यासाठी आख्खं वाक्य लागतं, इथे एका क्रियापदात काम झालं.

आता साफ करण्याकडे येऊ. चिंचवडचं नाव चिंच आणि वड यांवरून पडलं असं म्हणतात. खरं असेल तर आपल्या गावाच्या नावातच क्लीनिंग एजंट आहे! चिंचेत टार्टारिक ॲसिड असतं, लिंबात सायट्रिक. पण आजी तांब्याचा बंब दर दिवाळीला चिंच-मीठ लावून घासते, तरी तो बंब पन्नास वर्षांत झिजून संपला कसा नाही? उत्तर बारावीच्या पुस्तकात आहे, आपण फक्त ते बंबाला लावून पाहिलेलं नसतं. धातूंच्या क्रमवारीत तांबं हायड्रोजनच्या खाली येतं. त्यामुळे साधं सौम्य ॲसिड तांब्याला जवळजवळ हात लावत नाही, पण त्याच्या ऑक्साइडला विरघळवतं. म्हणजे चिंच डाग खाते आणि धातू सोडते. मिठातलं क्लोराइड तिला मदत करतं. पीएचडीच्या थिसिसला शोभेल अशी निवड, आणि ती केली कोणी, तर बोळक्यात चिंच कोळणाऱ्या बायकांनी.

पितळेला मात्र हेच जपून. पितळेत जस्त आहे आणि जस्त क्रमवारीत हायड्रोजनच्या वर. पितळ बराच वेळ आंबटात पडलं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि गुलाबी तांबं उरतं. याला आपण 'डिझिंकिफिकेशन' म्हणतो आणि स्पेलिंग चुकवतो. काडतुसं भरणारे हौशी लोक पुंगळ्या व्हिनेगरमध्ये विसरले की त्या गुलाबी निघतात, तेही हेच. आजीचं यावरचं लेक्चर एका वाक्याचं आहे. 'अगं, चोळायचं आणि लगेच धुवायचं. मुरत ठेवायला ते काय लोणचं आहे?'

ॲसिड नको असेल तर घासण्याचा रस्ता आहे. हौशी नेमबाज फिरत्या किंवा थरथरत्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नाहीतर दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा घालतात आणि त्यात गोळ्या, पुंगळ्या फिरवतात. भरडा धातूपेक्षा मऊ, त्यामुळे डाग निघतो आणि माप बिघडत नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला 'व्हायब्रो' म्हणतात, त्याचंच हे धाकटं भावंडं. तिथेही धुतलेला माल सुकवायला आणि चमकवायला मक्याचा भरडा वापरतात.

आणि तिसरा रस्ता अमोनिया. प्रॅक्टिकल आठवा. कॉपरच्या सॉल्टमध्ये अमोनियम हायड्रॉक्साइड टाकलं की गडद निळा रंग यायचा आणि आपण खुशीत जर्नलमध्ये 'कॉपर कन्फर्म्ड' लिहायचो. अमोनिया तांब्याला धरून असा विरघळवतो, म्हणून धातू चमकवायच्या काही पॉलिशमध्ये तो असतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तो नवसागरही अमोनियाच्याच घरातला. तिथे तो क्षणभर येतो, ऑक्साइड उचलतो आणि कथील बसायला जागा करून देतो.

पण पितळी पुंगळीला हा अमोनिया चालत नाही, आणि त्याची गोष्ट आपल्या देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात ठेवली जायची. लढाई-कवायत मंदावलेली, तेव्हा ती कोरडी जागा बघून घोड्यांच्या तबेल्यात. पावसाळा संपून बाहेर काढली की पुंगळ्यांना चिरा! विशेषतः जिथे पुंगळी गोळीला घट्ट आवळलेली असते तिथे. कोणी मारलं नाही, आपटलं नाही, नुसतं ठेवून ठेवून पितळ तडकलं. इंग्रजांनी याला 'सीझन क्रॅकिंग' नाव दिलं. कारण नीट समजलं १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांच्या कामातून. घोड्यांच्या मुतातून अमोनिया येत होता. पुंगळी थंड अवस्थेत ओढून बनवलेली, त्यामुळे तिच्या अंगात ताण साठलेला होता. वर दमट हवा. तिन्ही एकत्र आले आणि धातू कणांच्या सीमांवरून फाटत गेला. आज आपण यालाच 'स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग' म्हणतो आणि थर्ड इयरला शिकतो.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला फरक आता काढा. जस्त साधारण १५ टक्क्यांच्या खाली असलेलं पितळ या तडकण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणजे अमोनियाच्या पॉलिशने गोळीचं आवरण सहसा तडकणार नाही, पण त्याच फडक्याने शेजारची पुंगळी पुसली तर तिच्या जिवाशी खेळ. दोघी दिसायला सारख्या, औषध मात्र एकीचं दुसरीला चालत नाही.

यावर उपाय काय केला? पुंगळीला हलकी आच देऊन आतला ताण सोडवायचा. आपण ॲनीलिंग म्हणतो ते. तोंडाशी आच दिली की तिथे निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की लष्करी काडतुसांवर हा पट्टा बहुतेक वेळा तसाच ठेवतात. बाजारात विकायची काडतुसं बनवणारे तो पॉलिश करून घालवतात, कारण गिऱ्हाईकाला चकचकीत हवं असतं. लष्कराचा तपासनीस मात्र तो डाग शोधतो. डाग दिसला म्हणजे आच दिली आहे, पुंगळी तडकणार नाही. आपण ज्याला डाग म्हणून घासायला जाऊ, ते तिथे सर्टिफिकेट आहे!

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर आता भोसरीत चला. मागच्या सुट्टीत मी चार आठवडे एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंग केलं. नाव नको. तिथे पितळेचे इन्सर्ट बनतात, म्हणजे प्लास्टिकच्या पार्टमध्ये मोल्ड करून बसवायचे आट्यांचे छोटे नग. माल चाकणला जातो, तिथे तो प्लास्टिकच्या आत कायमचा गाडला जातो. बाहेर दिसतात त्या फक्त आतल्या आट्या. पावसात एक लॉट परत आला. लाल टॅगवर लिहिलेलं, 'डिसकलरेशन'. नग तपकिरी पडले होते, काहींवर बोटांचे ठसे. माप ओके, आटे ओके, गेज सुळकन जात होतं. पण रंग नॉट ओके.

मग तो लॉट गेला मागच्या शेडमध्ये, नायट्रिक ॲसिडच्या टाकीत. नायट्रिक चिंचेसारखं नाही. ते डाग खातं आणि धातूही खातं, म्हणूनच एका मिनिटात सोन्यासारखी चमक येते. आणि त्याबरोबर येतो तपकिरी-पिवळा धूर, नायट्रोजन डायऑक्साइडचा. हा वायू लबाड आहे. घेतला तेव्हा थोडा खोकला, घशात खवखव, बस. फुप्फुसात पाणी भरायला लागतं ते कित्येक तासांनी, माणूस घरी जेवून झोपल्यावर. शेडमध्ये एक्झॉस्ट फॅन होता, पण त्या आठवड्यात तो बंद होता.

टाकीवर काम करणारे मामा पन्नाशीचे. नाकाला रुमाल. त्यांच्या बोटांची टोकं आणि नखं हळदीसारखी पिवळी. मला आधी वाटलं, हळदच. नंतर कळलं, नायट्रिक कातडीतल्या प्रथिनांना पिवळं करतं. तो डाग चिंचेने निघत नाही, कशानेच निघत नाही. ती कातडी जाऊन नवी येईपर्यंत राहतो, आणि मामांच्या बाबतीत नवी यायच्या आत पुढचा लॉट येतो.

'मामा, ग्लोव्हज का नाही घालत तुम्ही?'

'घालतो की ताई. पण ते भिजले की बारीक माल हातातनं सटकतो. मग टाकीत हात घालून काढा.'

'आणि धुराचं काय?'

'धुराला काय ग्लोव्हज घालणार?' असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता खोकले.

मी सुपरवायझर साहेबांकडून ड्रॉइंग मागून घेतलं. खाली उजव्या कोपऱ्यात सात नोटा होत्या. सातवी नोट अशी, 'पार्ट टु बी ब्राइट अँड फ्री फ्रॉम स्टेन्स.' प्लास्टिकच्या आत गाडला जाणारा नग चमकायला का हवा, हे मी वर्कशॉपमध्ये तिघांना विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. 'ड्रॉइंगवर आहे ना, मग आहे.'

साहेबांची परवानगी घेऊन मी एका बादलीत ट्रायल घेतली. आधी तेलाचा अंश काढायला साबणाचं कोमट पाणी, मग सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण, काही मिनिटं. मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुणं, लगेच कोरडं करणं, आणि शेवटी बेंझोट्रायझोलची बुचकळी. हे रसायन तांब्यावर अदृश्य पातळ थर धरतं आणि पुन्हा काळं पडणं लांबवतं. पुढे उचलायला सुती हातमोजे, भरायला बंद पिशवी. सायट्रिकचं पाकीट बघून मामा म्हणाले, 'हे तर लिंबूसत्व! याने होतंय होय?' झालं. तपकिरी रंग गेला. सोन्यासारखी चमक आली नाही, साधा पिवळा, मंद रंग आला. माप तसूभर हललं नाही. धूर नाही.

साहेब वाईट नाहीत. त्यांनी नग हातात घेऊन, उजेडात फिरवून पाहिले आणि म्हणाले, 'चांगलंय. पण "ब्राइट" नाहीये हे. तू ड्रॉइंग बदलून आण, मी उद्यापासून नायट्रिक बंद करतो.'

ड्रॉइंग बदलायचा अधिकार ना त्यांना, ना मला. तो आहे चाकणमधल्या किंवा त्याहून लांबच्या कुठल्यातरी ऑफिसात, एसीमध्ये बसलेल्या एका डिझाइन इंजिनिअरला. त्याने भोसरीची ती शेड कधी पाहिलेली नसणार. कदाचित जुन्या ड्रॉइंगवरून नोटा कॉपी-पेस्ट झाल्या असतील. आपण जर्नल जसं उतरवतो तसंच! पण त्या एका ओळीमुळे कोणाच्या नाकाला रुमाल बांधला जातो, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

कृपया असं समजू नका की मी म्हणते आहे डाग काढूच नका. बसबारचा जोड बोल्ट करायच्या आधी तांबं घासलंच पाहिजे, नाहीतर ऑक्साइडमुळे जोड तापेल. सोल्डर करायचं तर स्वच्छ धातूच हवा. पोटात जाणारं अन्न ज्या भांड्यात ठेवायचं, त्याला कल्हई हवीच. तिथे 'फ्री फ्रॉम स्टेन्स' लिहा, आणि का ते पण लिहा. मापाच्या आकड्याला आपण टॉलरन्स देतो, कारण प्रत्येक मायक्रॉनला पैसे पडतात हे आपल्याला शिकवलेलं असतं. चमकेला कोणी टॉलरन्स देत नाही. जणू चमक फुकट येते.

दीड-दोन वर्षांत आपल्यापैकी निम्मे जण याच पट्ट्यात कुठेतरी, तळवड्यात, चाकणला, नाहीतर हिंजवडीत कॅडच्या स्क्रीनसमोर बसलेले असतील. हातात माउस असेल आणि जुन्या फाइलमधल्या सात नोटा सिलेक्ट झालेल्या असतील. पेस्ट करायच्या आधी सातवी एकदा वाचा. हा पार्ट कुठे बसणार आहे, तो चमकला नाही तर कोणाचं काय अडणार आहे, आणि चमकवायचाच असेल तर तो कशात बुडवला जाणार आहे, एवढं शेजारच्याला विचारा. त्याला माहीत नसेल तर वर्कशॉपला फोन करा. मामा फोन उचलत नाहीत, त्यांचे हात ओले असतात. पण साहेब उचलतील, आणि मला खात्री आहे, ते तुमच्या मेलची वाटच बघतायत.